एक पाटा जास्तीचा

वहिनी: वास माझ्या नाकाला आला, भाऊजी, तुमच्या नाही. तेव्हा तो कशाचा होता हे मी सांगणार.

भाऊजी: वास आलाच नाही असं कुठे म्हणतोय मी? क्लचचा असेल म्हणतोय. उतारावर बायका... म्हणजे नवीन माणूस क्लच अर्धा दाबून ठेवतो.

वहिनी: बायका म्हणालात ते ऐकलं मी. मला गाडी शिकवली ती तुमच्या थोरल्या भावानं. तुम्हालाही त्यांनीच शिकवली. एकाच शाळेतली दोन पोरं आपण. मी फक्त उशिरा नाव घातलेली.

पंडित: वाद वाढवू नये, ही उभयतांस माझी नम्र विनंती. वस्ताद, वहिनींचे म्हणणे आधी पूर्ण श्रवण करावे, मग निदान करावे. वैद्यसुद्धा आधी नाडी धरतो, मग पुडी बांधतो.

भाऊजी: पंडित, सातवीत शाळा सोडलीस ती सोडलीस, तेव्हाच ही भाषा पण का नाही सोडलीस? जॅकचा दांडा दे इकडे.

पंडित: भाषा ही सुटणारी वस्तू नव्हे. हा घ्या दांडा. मागच्या चाकांना ठोकळे लावले आहेत. गाडीत माल आहे, जपून.

भाऊजी: खाणीतून भरूनच आणलीत ना, वहिनी? फरशीच आहे?

वहिनी: फरशीच. नेहमी भरतो तेवढीच. खाली कटिंगच्या शेडवर उतरवायची होती, पण वास आला म्हणून आधी इकडे तुमच्या यार्डात वळवली. जळका वास, भाऊजी. लाकडी मुठीचं उलथनं गॅसवर विसरलं की येतो तसा. पुढून येत होता, उजव्या चाकाकडून जास्त.

भाऊजी: कुठे आला पहिल्यांदा?

वहिनी: शेवटच्या वळणाच्या वर. भिंतीच्या अलीकडे.

भाऊजी: कोणत्या भिंतीच्या?

वहिनी: तुम्हाला ठाऊक आहे कोणत्या. उतारावर भिंत एकच आहे.

भाऊजी: ...हं. आणि ब्रेक?

वहिनी: पॅडल दगडासारखं घट्ट. खाली जात नव्हतं. पण गाडी ऐकत नव्हती. पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला हाक मारावी ना, तसं. ऐकू जातं, हुंकार येतो, पण उठत नाही कुणी. दुसऱ्या गिअरमध्ये होते म्हणून निभावलं.

भाऊजी: पॅडल घट्ट आहे म्हणजे ब्रेक चांगले आहेत. ब्रेक गेले तर पाय तळाला टेकतो.

वहिनी: बोला. अजून एकदा बोला तेच.

भाऊजी: काय बोललो मी?

वहिनी: हेच ना बोलला होतात तुम्ही, त्याच भिंतीवर गाडी आदळल्यावर तुमचे दादा दवाखान्यातून घरी आले तेव्हा? ते सांगत होते, पॅडल घट्ट होतं पण गाडी थांबेना. आणि ह्याच यार्डात, ह्याच टायरांवर बसून तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत. पॅडल घट्ट म्हणजे ब्रेक चांगले. ब्रेक चांगले म्हणजे ड्रायव्हरचा डोळा लागला.

पंडित: त्यास ठरवणे म्हणू नये, अनुमान म्हणावे. वहिनी, मी अपघातानंतर स्वतः तो रस्ता चालत जाऊन अवलोकन केला होता. वळणापासून भिंतीपर्यंत मागच्या चाकांचा एक ओरखडा नव्हता. रस्ता कोरा. ज्याने मालाच्या गाडीला जिवाच्या भीतीने ब्रेक मारला, त्याची मागची चाके रेघ ओढल्याशिवाय राहत नाहीत, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

वहिनी: पंडित भाऊजी, तुमच्या त्या कोऱ्या रस्त्यानं माझ्या घरात काय केलंय, ते कधी चालत येऊन अवलोकन केलंत?

पंडित: ...नाही.

वहिनी: पहिले काही दिवस ते भांडायचे. म्हणायचे, अगं, मी उभा राहिलो होतो ब्रेकवर. मग हळूहळू भांडण संपलं. आता म्हणतात, लागला असेल डोळा. स्वतःच म्हणतात. ज्या माणसाला शेजारच्या घरात मांजर पडलं तरी जाग येते, तो म्हणतो मी उतारावर झोपलो. त्या दिवशी गाडीत बसलेल्या हमालाचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. पायात सळई घालून बसलाय बिचारा. ह्यांची त्याच्या दारात जायची हिंमत होत नाही. लांबच्या रस्त्यानं दुकानात जातात.

भाऊजी: वेळ लागतो, वहिनी. मी म्हटलं ना, सावरेल.

वहिनी: मोटरसायकलची किल्लीसुद्धा दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवलीय. हात लावत नाहीत. विचारलं तर म्हणतात, ज्याला आपल्या डोळ्यांचा भरवसा नाही त्यानं चाकाला हात लावू नये. भाजी आणायला चालत जातात, भाऊजी. तुमचा दादा. चालत.

भाऊजी: पंडित, चाक काढ.

पंडित: काढतो. नट आधीच सैल केले आहेत.

भाऊजी: ...अरे देवा.

वहिनी: काय झालं?

भाऊजी: ब्रेकचे पॅड संपलेत. ही बघा, मागची पत्री दिसायला लागलीय. आणि डिस्क निळी पडलीय तापून. वहिनी, गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हाच नवे कोरे पॅड टाकले होते मी. इतक्यात कसे संपले? तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच चालवता की काय?

वहिनी: ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरायचं, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांच्या शिकवणीला नाव ठेवायचं असेल तर त्यांच्या तोंडावर ठेवा.

पंडित: वस्ताद, ह्या बाबतीत वहिनींना दोष देणे न्याय्य होणार नाही. माझी गाडीसुद्धा पुढचे पॅड असेच खाते. तुमचीही खाते. लंबूची तर खातेच, तो म्हणतो, बायकोच्या साड्यांपेक्षा गाडीच्या पॅडना खर्च जास्त. आपण सर्वांनी त्यास उताराचा कर असे नाव दिले आहे.

भाऊजी: मग? उतार आहे, कर द्यावा लागतो.

वहिनी: सगळ्यांना द्यावा लागतो?

भाऊजी: सगळ्यांना.

वहिनी: त्या निळ्या गाडीवाल्याला पण? ज्याला तुम्ही सगळे भित्री भागूबाई म्हणता?

पंडित: त्याचे पॅड... खरे सांगायचे तर, तो कर देताना मी त्यास कधी पाहिलेले नाही. परवाच बढाई मारत होता.

भाऊजी: तो माल काय भरतो? चार फरश्या. मी मागे स्प्रिंगचा एक पाटा टाकून देतो म्हटलं तर हात जोडले त्यानं. म्हणे, कंपनीनं दिलेत तेवढे पाटे बस. गाडी घेतली की लोक आधी माझ्या दारात येतात, वहिनी. जादा माल झेलायला मागच्या कमानीत, स्प्रिंगमध्ये, एक पाटा जास्तीचा टाकून घेतात आणि मगच पहिला माल भरतात. ह्या अड्ड्यावर माझ्या पाट्याशिवाय एकच गाडी आहे, ती त्याची.

वहिनी: आणि पुढचे पॅड न खाणारी गाडीही एकच. ती पण त्याचीच.

भाऊजी: पाट्याचा आणि पॅडचा काय संबंध? पाटा मागे, पॅड पुढे. तुमचं म्हणजे पाय दुखतो म्हणून टोपी बदलली.

वहिनी: मी कुठे म्हणाले संबंध आहे? मी फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. संबंध बघायचं काम वस्तादांचं.

पंडित: वस्ताद, मागचा ड्रम उघडून पाहण्यास काही हरकत आहे काय? आजार पुढे दिसतो म्हणून तो पुढेच असेल असे नाही. एक बैल अंग चोरतो तेव्हा खांदा दुसऱ्याचा सोलला जातो.

भाऊजी: हे बरं बोललास. पहिल्यांदाच. मागे जॅक लाव. घोडी पण ठेव खाली, नुसत्या जॅकवर भरवसा नको. आणि ठोकळे आता पुढे.

पंडित: लावले.

भाऊजी: वहिनी, हँडब्रेक सोडा. हां. हातोडी दे. निघत नाहीये... निघाला.

वहिनी: काय दिसतंय?

भाऊजी: मागच्या ब्रेकचे लायनर नवे आहेत.

वहिनी: म्हणजे चांगलं ना?

भाऊजी: नवे टाकलेलेच नाहीत मी. हे आधीचेच आहेत. दादा चालवत होता तेव्हापासूनचे. पुढचे पॅड इतक्यांदा बदलले, आणि हे जसे लावले तसेच. कपाटातल्या शालूसारखे. वापरलेच नाहीत कधी.

पंडित: म्हणजे मागचे ब्रेक लागतच नाहीत?

भाऊजी: लागतात. थोडे लागतात. तेल येतंय का बघू. वहिनी, पॅडल मारा. अजून एकदा. धरून ठेवा... येतंय. हवा नाही. पाइप चोंदलेला नाही. सगळं ठीक आहे.

वहिनी: सगळं ठीक असून गाडी थांबत नाही. हे वाक्य मी घरात रोज ऐकते.

भाऊजी: थांबा जरा. मला आत जाऊ द्या. बॅटरी दे.

पंडित: वस्ताद, काही दिसते आहे काय?

भाऊजी: तो दांडा... माल तोलणारा दांडा. वर आहे... नाही, खाली आहे.

वहिनी: कसला दांडा? मला समजेल असं सांगा.

भाऊजी: मागच्या ॲक्सलपासून वर चेसीपर्यंत एक बारीक दांडा येतो. वर त्याला एक व्हॉल्व आहे. गाडीत माल भरला की गाडी खाली बसते ना? बसली की तो दांडा त्या व्हॉल्वची पट्टी वर ढकलतो. वर गेली की व्हॉल्वला कळतं, माल आहे. मग तो मागच्या ब्रेकला पूर्ण जोर सोडतो. गाडी रिकामी असली की जोर कमी सोडतो, नाहीतर हलकी मागची बाजू घसरते.

वहिनी: म्हणजे गाडी किती बसली त्यावरून तो माल ओळखतो.

भाऊजी: हो.

वहिनी: आणि गाडी बसलीच नाही तर?

भाऊजी: बसल्याशिवाय कशी राहील? एवढी फरशी...

वहिनी: तुम्हीच सांगता ना चारचौघांत. माझ्या पाट्यावर आजवर एकही गाडी बसली नाही.

भाऊजी: नाही बसली. एकही नाही बसली.

पंडित: थांबा, थांबा. मला हे नीट उमजू द्या. गाडीत फरशी आहे. परंतु जास्तीच्या पाट्यामुळे गाडी वर उभी आहे. म्हणून दांड्यास वाटते, गाडी रिकामी. म्हणून तो मागच्या ब्रेकचा जोर आवळून धरतो. म्हणून सर्व भार पुढच्या चाकांवर. पुढचे पॅड तापतात, जळतात, आणि तापले की धरत नाहीत. आणि पॅडल मात्र घट्टच राहते.

भाऊजी: गप बस.

पंडित: वस्ताद, मी केवळ...

भाऊजी: गप बस म्हटलं ना! हे सगळं बोलणं आहे. नुसतं बोलणं. एका दांड्यावरून एवढा मोठा निकाल लावता? आजवर किती गाड्यांना पाटे टाकले मी. कुणी मेलं?

वहिनी: मरायला अगदी थोडं कमी पडलं होतं एकाला.

पंडित: मग प्रयोग करून पाहावा. यार्डात माती आहे. गाडीत माल आहेच. ड्रम आणि चाके परत चढवू, माझ्याकडचे नवे पॅड पुढे बसवू. वहिनींनी गाडी गेटपासून सरळ आणून जोरात ब्रेक मारावा. एकदा दांडा आहे तसा ठेवून. मग दांडा खालून सोडून, ती वरची पट्टी तारेने वर बांधून, म्हणजे माल आहे असे त्यास कळवून. मातीच काय ते सांगेल.

भाऊजी: आणि मातीनं माझ्या बाजूनं सांगितलं तर?

वहिनी: तर मी सगळ्यांसमोर म्हणेन, मला गाडी चालवता येत नाही. आणि घरी जाऊन ह्यांना सांगेन, तुमचा डोळाच लागला होता. चालेल?

भाऊजी: ...पॅड दे, पंडित.

पंडित: घ्या. वहिनी, फार वेगाने आणू नये. गेटपाशी वळवून घ्या. मी हात दाखवला की मारा.

वहिनी: हात नीट दाखवा. श्लोक म्हणत बसू नका.

पंडित: या! या! मारा!

भाऊजी: थांबली ना? थांबली की!

पंडित: थांबली, परंतु लांब जाऊन थांबली. आता मागच्या चाकाच्या मागे पाहा. ही नक्षी. टायरची सगळी फुले मातीत शिक्क्यासारखी उमटली आहेत. चाक फिरत आले, घसरले नाही. पुढच्या चाकांनी मात्र माती खरवडली आहे.

भाऊजी: माती ओली असेल तिथे.

वहिनी: आता दांडा बांधा.

भाऊजी: बांधतो.

वहिनी: तुम्ही नीट बांधा हं, भाऊजी. मुद्दाम सैल नका बांधू.

भाऊजी: हे बोलायला नको होतं, वहिनी.

वहिनी: नको होतं. चुकले. पण बांधा.

(गाडी पुन्हा गेटापासून निघाली, पंडिताचा हात खाली आला, आणि मागील दोन्ही चाके जागच्या जागी आवळली जाऊन गाडी पहिल्यापेक्षा पुष्कळ अलीकडे उभी राहिली. धूळ बसली तेव्हा मागील चाकांमागे दोन सरळ, गुळगुळीत रेघा उमटलेल्या होत्या व त्यांत नक्षीचे एकही फूल नव्हते.)

पंडित: रेघ ओढली.

भाऊजी: दिसतंय मला.

पंडित: मी त्या रस्त्यावर हीच रेघ शोधत होतो, वस्ताद. मिळाली नाही म्हणून मी म्हणालो... मी सगळ्यांना म्हणालो...

वहिनी: तुम्ही पाहिलंत ते बरोबरच पाहिलंत, पंडित भाऊजी. रस्ता कोराच होता. ते ब्रेकवर उभे होते, आणि रस्ता कोरा होता.

भाऊजी: ऐका. दोघंही ऐका. आता ह्याचा बाऊ करायचा नाही. उपाय सापडलाय. दांडा तारेनं वर बांधून टाकू, कायमचा. एकेक गाडी बोलावतो, ग्रीसिंगच्या नावाखाली बांधून देतो. पाटा राहील, ब्रेक लागेल, माल कमी करायला नको. कुणाला काही कळायला नको.

वहिनी: आणि गाडी रिकामी परत चढताना? उतरताना? रिकाम्या गाडीची मागची बाजू घसरते, हे मी आत्ताच ऐकलं कुणाकडून तरी.

भाऊजी: ...जपून चालवायची रिकामी असताना.

वहिनी: वा. एक भोक बुजवायला शेजारी दुसरं पाडायचं.

भाऊजी: मग काय करू? सगळ्यांचे पाटे काढू? वहिनी, त्या पाट्यावर माझं नाव आहे. लोक लांबून येतात. वस्ताद म्हणतात मला. उद्या म्हणतील, ह्यानंच मारायची व्यवस्था केली होती आपली.

वहिनी: म्हणतील. काही दिवस म्हणतील.

भाऊजी: तुम्हाला सोपं आहे म्हणायला.

वहिनी: मला सोपं आहे? झोपाळू ड्रायव्हरची बायको आली, बाजूला व्हा, असं ह्याच अड्ड्यावर मी रोज सकाळी ऐकते. हसत ऐकते. तुमच्या घरात तर नुसतं नाव जायचंय, भाऊजी. माझ्या घरात माणूस जाऊन बसलाय.

भाऊजी: तुम्हाला ठाऊक नाही एक गोष्ट.

वहिनी: कोणती?

भाऊजी: दादाला पाटा नको होता. तो पण म्हणाला होता, कंपनीनं दिलेत तेवढे पुरेत. मीच म्हटलं, दादा, वस्तादाच्या भावाच्या गाडीलाच पाटा नाही तर लोक काय म्हणतील? घाबरतोस काय? तो हसला. म्हणाला, टाक बाबा, तुझी हौस होऊ दे.

वहिनी: ...ठाऊक आहे.

भाऊजी: दादानं सांगितलं?

वहिनी: त्या दिवशी घरी येऊन सांगितलं. म्हणाले, धाकट्यानं आज स्वतःच्या हातानं माझ्या गाडीचं काम केलं. पैसे घेतले नाहीत. खूष होते.

भाऊजी: नका सांगू असं काही.

पंडित: वस्ताद.

भाऊजी: आता काय?

पंडित: माझी गाडी.

भाऊजी: तुझ्या गाडीचाही काढू पाटा. उद्या आण.

पंडित: माझी गाडी इथे नाही. आज साडू घेऊन गेलाय. खाणीत. भरून खाली यायचाय. काल तो म्हणत होता, वास येतो. मी म्हटलं, कर आहे, द्यावा लागतो. हसलो मी.

वहिनी: फोन लावा त्यांना. आत्ता.

पंडित: लावतोय... नाही लागत. खाणीत कुठे लागतो फोन? लागतच नाही तिथे. वस्ताद, त्याला उतारावर गिअरची सवय नाही. सपाटीचा ड्रायव्हर तो. न्यूट्रल करतो. मी सांगितलं होतं, नको करू, पण करतो तो. काय करू?

भाऊजी: बस इथे. वहिनी, ही गाडी घेऊन वर जाऊ?

वहिनी: मालानं भरलेली गाडी चढावर रांगत जाईल. आपण अर्ध्या चढावर पोचू तोवर ते समोरून खाली येत असतील. खाणीतून निघालेली गाडी थांबवायची तर उताराच्या वरच्या तोंडाशी थांबवायला हवी. नाक्यावर.

पंडित: नाक्यावर कोण आहे आपलं?

वहिनी: आमचं घर आहे नाक्याजवळ. घरी माणूस आहे. दिवसभर घरीच असतो.

भाऊजी: तुम्ही लावा फोन.

वहिनी: मी लावते. बोलायचं तुम्ही.

भाऊजी: वहिनी, तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतील ते. मी नंतर येतो घरी, पाया पडतो, हवं ते करतो.

वहिनी: माझं ऐकून ते म्हणतील, बायको आहे, बाजू घेते. गेले कित्येक दिवस मी तेच सांगतेय, की तुमची चूक नव्हती. माझ्या म्हणण्याला घरात किंमत उरलेली नाही. हे तुमच्या तोंडून जायला हवं. घ्या. वाजतोय.

भाऊजी: ...हॅलो. दादा, मी बोलतोय. हो, मी. वहिनी बऱ्या आहेत, इथेच आहेत, गाडी पण बरी आहे. नाही, काही झालं नाही. ऐक ना. दादा, तुझ्या गाडीचा पाटा... मी टाकला होता ना, तो. त्याच्यामुळे मागचा ब्रेक लागत नव्हता. माल असून दांड्याला गाडी रिकामी वाटायची. आत्ता मातीत मारून बघितलं आम्ही. दोनदा. हो. हो, पॅडल घट्टच राहतं. तू म्हणत होतास तसंच. दादा, तुझा डोळा लागला नव्हता.

पंडित: काय म्हणतायत?

भाऊजी: ...काही बोलत नाहीये.

वहिनी: थांबा. बोलू द्या त्यांना.

भाऊजी: दादा? आहेस ना? ...हो. हो, माझ्याच हातानं. मला ठाऊक आहे. नंतर बोल मला, काय बोलायचं ते, मी येतो... काय? हो. सगळ्याच गाड्यांना आहे. निळी सोडून सगळ्या.

वहिनी: काय विचारलं?

भाऊजी: अजून किती गाड्यांना पाटा आहे, विचारलं. ...हो दादा, बोल. आज? आज पंडितचा साडू गेलाय. पांढरी गाडी, मागे हिरवी ताडपत्री. फोन लागत नाही त्याचा. नाही, गिअरमध्ये उतरत नाही तो. ...हो. हो, भरून निघाला असेल आता.

पंडित: रागावले आहेत का ते? रागावू देत. फक्त म्हणावं, त्याला अडवा. दादा, त्याला अडवा हो!

भाऊजी: ऐकू गेलं त्याला, पंडित. ...हां दादा? थांब, विचारतो. वहिनी...

वहिनी: काय?

भाऊजी: विचारतोय, मोटरसायकलची किल्ली कुठे आहे.

वहिनी: ...सांगा, खिळ्यालाच आहे. त्यांनी टांगली तिथेच.

भाऊजी: खिळ्यालाच आहे, दादा. ...म्हणतोय, इतके दिवस बंद आहे, सुरू कशी होणार.

वहिनी: सांगा, पहिल्या किकला होईल. दर रविवारी ते भाजीला गेले की मी सुरू करून ठेवते.